पंचगंगेचे फूट आणि इंच

जुलैत गगनबावड्याकडचं आभाळ काळं झालं, की कोल्हापुरात एकच आकडा घरोघरी फिरायला लागतो. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस दारातूनच सांगतो, "सदतीस झालं." काय सदतीस, हे कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, फुटांत. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. तेव्हापासून ४३ ऐकून पूर्वीइतकं कुणी दचकत नाही, आणि मला तीच गोष्ट जरा धोक्याची वाटते.

कारण हे फूट पाण्याची उंची सांगतात. पाणी किती आहे, कुठून आलंय आणि कधी जाणार, हे त्या आकड्यात नसतं. ते समजायचं तर सह्याद्रीच्या माथ्यापासून सुरुवात करायला हवी.

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस मोठा गमतीचा आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळात जेमतेम पाचशे. मध्ये अंतर शंभर किलोमीटरचंसुद्धा नाही. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, चढताना थंड होते आणि माथ्यावरच बरंचसं पाणी टाकून देते. डोंगर उतरून पुढे गेलेल्या हवेत मग फारसं काही उरत नाही. म्हणूनच महापुरात शिरोळच्या माणसाच्या अंगणात कंबरभर पाणी असतं आणि डोक्यावर लख्ख ऊन. त्याच्याकडे आलेला पूर त्याच्या पावसाचा नसतोच.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या तो पाऊस खाली आणतात. पाचवी सरस्वती, ती श्रद्धेची. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो आणि पुढे नदीचं नाव पंचगंगा. इथे एक छोटा हिशोब करून बघण्यासारखा आहे. वरच्या एक हजार चौरस किलोमीटरवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं दहा कोटी घनमीटर, म्हणजे साधारण साडेतीन टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). राधानगरी धरणाची सगळी साठवण सव्वाआठ टीएमसीच्या थोडी वर आहे. घाटमाथ्यावर १०० मिलिमीटर म्हणजे काही आभाळ फाटणं नव्हे. जुलैत तो तिथे नेहमीचा पाऊस.

यातलं सगळं पाणी नदीत येत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. मृगाचा पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा, संपेपर्यंत जांभ्याची आणि काळ्या दगडावरची पातळ माती तुडुंब भरलेली असते. म्हाताऱ्या पावसाला, म्हणजे पुष्याला, मुरायला जागाच उरत नाही. जूनमध्ये ज्या पावसाने ओढासुद्धा धड वाहत नाही, तोच पाऊस जुलैअखेर पडला तर जवळजवळ सगळा नदीत उतरतो. २०२१ चा पूर पुष्यात आला, २०१९ चा आश्लेषात. नक्षत्रं पूर आणत नाहीत, पण जमीन कधी भरते याचं वेळापत्रक आपल्या जुन्या माणसांनी त्यात बरोबर बसवलंय.

आता धरणाकडे वळू. "राधानगरीचे दरवाजे उघडले" असा मेसेज आला की शहरात धावपळ सुरू होते. राजर्षी शाहूंच्या काळात सुरू झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला टेकलं की ते तोलावर आपोआप उघडतात, वीज लागत नाही की कुणाचा हुकूम लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी पडतं. सातही उघडले तर दहा हजार, म्हणजे दिवसभरात पाऊण टीएमसीहून थोडं जास्त. वरच्या हिशोबातले साडेतीन टीएमसी शेजारी ठेवून बघा. दरवाजांचं पाणी पुरात भर घालतं, त्या रात्री ती भर नकोशीच असते, पण धरणाच्या खालच्या बाजूला जो मोकळा डोंगर आणि जी मोकळी शिवारं आहेत, तिथला पाऊस कुठल्याच दरवाजाच्या ताब्यात नसतो. महापुराचं सगळं खापर धरणावर फोडणं सोपं जातं, कारण दरवाजाचा फोटो काढता येतो आणि उताराचा येत नाही.

राजाराम बंधाऱ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून ठेवतात, म्हणजे पूर मोकळा जातो आणि गाळही साठत नाही. रोजच्या बातमीत "जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली" असं येतं तेव्हा बाहेरगावचे पाहुणे घाबरतात. बंधारा पाण्याखाली जाणारच, त्यासाठीच तो ठेंगणा ठेवलेला असतो. अडतं ते त्याच्यावरून जाणारं माणसांचं येणं-जाणं.

तर फूट आणि इंच. पूर चढताना नीट लक्ष दिलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. ३० ते ३८ फुटांपर्यंत पाणी झपाट्याने चढतं. ४३ च्या पुढे तेच पाणी एकेका इंचावर येतं. वर पाऊस तसाच कोसळत असतो, तरी आकडा रेंगाळतो. गल्लीत कुणीतरी म्हणतं, "आता थांबलं बघा." तिथेच फसगत होते.

नदीचं पात्र खाली अरुंद आणि काठ उभे आहेत. तिथे थोडं पाणी आलं तरी उंची भराभर वाढते. काठ ओलांडला की पाणी उसाच्या फडांत, मळ्यांत, रस्त्यांच्या कडेला पसरायला लागतं. गडूत ओतलेलं तांब्याभर पाणी बोटभर चढतं, तेच परातीत ओतलं तर तळ नुसता ओला होतो. पंचगंगा खाली गडू आहे आणि वर परात. दोन्ही काठ मिळून तीन किलोमीटर रुंद आणि वीस किलोमीटर लांब एवढ्याच पट्ट्यात पाणी पसरलंय असं धरलं, तरी त्यावरचा एक इंच म्हणजे पंधरा लाख घनमीटर पाणी. ४५ फुटांवरचा एक इंच हा ३० फुटांवरच्या एका फुटापेक्षा भारी असू शकतो, तो असा.

याची दुसरी बाजू पूर उतरताना दिसते. पाऊस थांबतो, ऊन पडतं, आणि पाणी दिवसाला काही इंच मागे सरकतं. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कितीतरी दिवस बंद राहिला आणि ट्रकच्या रांगा लागल्या, तेव्हा लोक चिडून विचारत होते, "पाऊस नाही, मग पाणी का जात नाही?" परातीतलं पाणी परत गडूच्या तोंडातूनच जाणार ना. त्यात वाटेत रस्त्यांचे भराव. नदीच्या खोऱ्याला आडवा घातलेला उंच भराव पाण्याच्या लेखी बंधाराच असतो, फक्त त्याला बरगे नसतात. मोऱ्या आणि पुलाच्या कमानी जेवढं सोडतील तेवढंच पाणी पुढे जातं.

आणि शहरात पाणी नेहमी नदीकडून चालत येतं असंही नाही. जयंती नाला एरवी शहराचं पाणी नदीत नेतो. नदी नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढली की नाल्याला जायला वाट राहत नाही, तो उलटा फुगतो. नदी दिसतसुद्धा नाही अशा गल्लीत आधी गटार उसळतं, मग चौकात पाणी दिसतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा सुतारवाड्यात राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतः कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन फुगलेली असेल, तर पंचगंगेला तिच्यात शिरायला उतार मिळत नाही. पाणी मागे दाटतं. इथे अलमट्टीचा वाद येतो. कर्नाटकातल्या या कृष्णेवरच्या धरणाचं पाणी मागे फुगतं आणि त्यानेच इकडे पूर येतो, असं बरेच जण म्हणतात. अलमट्टीची पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे आणि राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची रेघ सुमारे ५४३ मीटरवर. जलाशयाचा फुगवटा सपाट टेबलासारखा मागे येत नाही, अंतरानुसार तो विरत जातो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अलमट्टीला थेट दोषी धरलं नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली बांधकामं यांच्याकडे तिने बोट दाखवलं. माझं मत विचाराल तर, धरण ५२४ मीटरपर्यंत उंचावण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची शिरोळ-सांगलीसाठी कसून तपासणी व्हायलाच हवी. पण शाहूपुरीत पाणी का आलं याचं उत्तर कर्नाटकात शोधण्याआधी नदीच्या बाजूच्या नागाळा पार्क ते रमणमळा या वस्त्यांतून एक फेरी मारावी.

त्या फेरीत दोन पूररेषा लक्षात ठेवाव्या लागतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि लाल रेषेच्या आत फ्लॅट घेतो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की कुठल्याही वर्षी तसा पूर यायची शक्यता एक टक्का. एकदा येऊन गेला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी मिळत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के भरते. निळ्या रेषेचं गणित केलं तर ती ७० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या असतात. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते बाष्प एकदम खाली आलं की काय होतं ते २०२१ मध्ये दिसलं. २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला.

पुरात राहणाऱ्याला मात्र आकड्यांपेक्षा इतर गोष्टी आधी भिडतात. सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे, कारण बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसा पंप नदीकाठीच, २०१९ आणि २०२१ मध्ये तेच आधी बुडाले. आंबेवाडी-चिखलीत पहिली हलतात ती जनावरं. म्हैस मागे ठेवून माणूस नावेत बसत नाही, हे बचाव पथकांनाही आता माहीत झालंय. पाणी ओसरलं की ऊस वरून हिरवा दिसतो आणि बाहेरचा माणूस म्हणतो, वाचला की. शेतकरी पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, उपटून बघतो. शेंडा बुडाला असेल तर पोंग्यात गाळ बसलेला असतो, आतून कुजका वास येतो आणि पोंगा हातात सुटून येतो. वाढीचा कोंब मेला, की कांडीवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात. त्यात साखर खर्ची पडते आणि साखरेचा उतारा घसरतो.

चिखल काढताना अनवाणी उतरू नये, यालाही कारण आहे. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या बारीक भेगेतूनही शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत ठणका आणि लाल डोळे, असं दिसलं तर "भिजलो म्हणून कणकण आली" असं न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, की मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो. विहिरीचा उपसा करून क्लोरीन टाकल्याशिवाय ते पाणी प्यायचं नाही, दिसायला कितीही नितळ असो.

शिवाजी पुलाजवळची जुनी मंडळी अजून फुटांत बोलत नाहीत. पाणी पुलाच्या खांबावर ठराविक ठिकाणी टेकलं की "मच्छिंद्री झाली" म्हणतात आणि तेवढ्यावर कुठल्या गल्लीने सामान हलवायचं ते ठरतं. राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याचंही प्रत्येक घराने असंच करून ठेवावं. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते, ते शेजाऱ्यांना विचारून मीटरच्या पेटीवर रंगाने लिहावं. आणि सामान हलवायचा आकडा त्याच्या दोन फूट आधीचा धरावा, कारण पायरीला पाणी लागेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी कंबरभर झालेलं असतं.