सायबर गुन्ह्यांच्या तपासातील आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा : मराठवाड्याच्या संदर्भात

सायबर गुन्ह्यातील दुसऱ्या देशात साठवलेली माहिती तिथल्या यंत्रणेमार्फत किंवा संबंधित कंपनीकडून मिळवणे आणि ती न्यायालयात टिकेल अशा रीतीने जपणे, असे तपासातील आंतरराष्ट्रीय सहकार्याचे स्वरूप आहे. लातूर, बीड किंवा नांदेडच्या सायबर ठाण्यात शेअर ट्रेडिंगचे आमिष, टास्क फ्रॉड (ऑनलाइन छोट्या कामांचे आमिष दाखवून पैसे उकळणे) किंवा ‘डिजिटल अरेस्ट’ची (तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर घातलेल्या अटकेच्या धाकाची) तक्रार आली की तपासाला दोन वाटा फुटतात. पैशाचा माग भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून जातो. तिथे 1930 या हेल्पलाइनवर वेळेत फोन झाला तर रक्कम होल्ड होऊ शकते. चॅट, कॉल आणि लॉगिनचा माग मात्र परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरकडे आणि पुष्कळदा कंबोडिया, म्यानमार, लाओस इथल्या फसवणूक केंद्रांकडे जातो. त्या केंद्रांत नोकरीच्या आशेने नेऊन डांबलेले भारतीय तरुणही सापडले आहेत. त्यांच्याकडे फक्त आरोपी म्हणून पाहणे अन्यायाचे ठरते.

खातेदाराचा नोंदणी क्रमांक, ईमेल, लॉगिनचे आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) अशी प्राथमिक माहिती अमेरिकी कंपन्या पोलिसांच्या थेट पत्रावर देऊ शकतात. संदेशांचा मजकूर हवा असेल तर परस्पर कायदेशीर साहाय्य कराराचा रस्ता धरावा लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यातील असा करार 2001 मध्ये झाला आणि 2005 पासून लागू आहे. विनंती केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते. करार नसलेल्या देशासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 112 खाली फौजदारी न्यायालय विनंतीपत्र काढते. फिर्याद, जबाब, पंचनामे मराठीत असतात. त्यांचे इंग्रजी आणि गरजेनुसार त्या देशाच्या भाषेतले भाषांतर जोडावे लागते. यात महिने जातात. तोवर नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून ‘माहिती जतन करा’ अशी विनंती कंपनीला आधीच पाठवणे हे तपासातले सर्वांत मोलाचे काम आहे आणि ते पहिल्या दिवशीच व्हायला हवे. इंटरपोल या देशोदेशींच्या पोलिसांच्या संघटनेशी संपर्काचे काम सीबीआयकडे आहे. त्यासाठीचे ‘भारतपोल’ पोर्टल जानेवारी 2025 मध्ये सुरू झाले.

आलेली माहिती वाचतानाही चूक घडू शकते. परदेशी लॉगमधली (सर्व्हरच्या नोंदीतली) वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये 4 तारखेचे 18:45 दिसत असतील तर परभणीत तेव्हा 5 तारखेची रात्रीची सव्वाबारा झालेली असते. मोबाइल कंपन्या एकच आयपी अ‍ॅड्रेस एकाच वेळी अनेक ग्राहकांना देतात. म्हणून अचूक वेळेबरोबर त्यातली नेमकी जोडणी ओळखणारा पोर्ट क्रमांकही लागतो. तो नसला किंवा तारीख चुकली, तर भलत्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहतील.

पुरावा ग्राह्य ठरण्याच्या बाबतीत मराठवाड्याचे नाव देशभरच्या न्यायालयांत घेतले जाते. जालना मतदारसंघातील 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आला होता का, हा वाद निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरणावर आला. त्यातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निर्णय दिला : इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर साक्ष कायद्याच्या कलम 65ब (4) चे, म्हणजे ती नोंद कोणत्या यंत्रातून कशी घेतली हे सांगणारे, प्रमाणपत्र हवेच. ते मागूनही मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून गणिताने काढलेला ओळख-संकेतांक) त्यात नोंदवायची. फाइलमधला एक अक्षर जरी बदलला तरी ही व्हॅल्यू बदलते. त्यामुळे फोन जप्त करतानाच, पंचांसमोर, ती पंचनाम्यात उतरवून घेणे उत्तम.

युरोप परिषदेचा 2001 चा बुडापेस्ट करार हा या क्षेत्रातला पहिला आंतरराष्ट्रीय करार. जतनाची तातडीची विनंती आणि चोवीस तास चालणारे संपर्क केंद्र या दोन्ही सोयी त्यात आहेत. भारत त्यात सामील नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 24 डिसेंबर 2024 रोजी सायबर गुन्हेविरोधी करार संमत केला. 40 देशांनी अनुसमर्थन (रीतसर मान्यता) दिल्यावर 90 दिवसांनी तो अमलात येतो.