सोन्याने मढवलेलं जहाज कलंडलं का नाही?

1634 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स तोफांचे पूर्ण तीन मजले असलेलं जहाज (तेच पुढचं 'सॉव्हरिन ऑफ द सीज') बांधायचं म्हणाला, तेव्हा ट्रिनिटी हाऊस या खलाशांच्या संस्थेतल्या जाणत्या दर्यावर्दींनी सरळ सांगितलं की असलं काही माणसाला बांधता येणार नाही, खालच्या तोफा पाण्याला टेकतील आणि एवढं धूड ठेवणार कुठे? राजाने अर्थातच ऐकलं नाही.

पण त्यांची भीती उगाच नव्हती. 1628 मध्ये स्वीडनचं 'वासा' नावाचं जहाज 64 तोफा घेऊन स्टॉकहोममधून निघालं आणि दीड किलोमीटर पण न जाता बुडालं. कसंय, वाऱ्याने जहाज झुकलं की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी तिथे वर ढकलतं आणि जहाज परत सरळ होतं. वजन फार वरती असेल तर मात्र हा जोर कमी पडतो, त्यात तोफांच्या खिडक्या उघड्या असल्या की पाणी आतच. गंमत म्हणजे याचं नीट गणित पिएर बूगे या फ्रेंच माणसाने मांडलं ते 1746 मध्ये! तोवर सगळा कारभार अनुभव आणि अंदाजावर.

जहाजं बांधणारे फिनीअस पेट आणि त्याचा मुलगा पीटर यांनी याच अंदाजावर 1637 मध्ये लंडनजवळच्या वुलिचला 'सॉव्हरिन ऑफ द सीज' पाण्यात उतरवलं. ठरल्या होत्या 90 तोफा, राजाने हट्टाने 102 करायला लावल्या, त्याही ब्राँझच्या. खर्च 65,586 पौंड, त्यातले 24,753 नुसत्या तोफांचे, वर सोनेरी मुलाम्याचं कोरीवकाम वेगळंच मिरवायचं. पैसा आला पार्लमेंटला न विचारता लावलेल्या 'शिप मनी' टॅक्समधून, लोक भडकले, पुढे यादवी झाली त्यात हेही एक कारण, आणि 1649 मध्ये राजाचं डोकंच उडवलं.

जहाज कलंडलं नाही, पण तोवर एकही मोठी लढाई लढलं नव्हतं. 1651 मध्ये नव्या सरकारने वरचं बांधकाम छाटून हलकं केलं, आणि माझ्या मते खरं लढाऊ जहाज ते तेव्हा झालं. पुढच्याच वर्षी केंटिश नॉकच्या समुद्री लढाईत डचांशी भिडलं, डच त्याला 'सोनेरी सैतान' म्हणायचे. 1660 आणि 1685 मध्ये जवळपास नव्याने बांधलं, 1690 ला बीची हेडची, 1692 ला बारफ्लरची लढाई, म्हणजे पन्नाशी उलटल्यावरही फ्रेंचांसमोर उभं. शेवटी चॅटमच्या गोदीत आग लागून जळालं, कुणाची तरी मेणबत्ती पडली म्हणे.