साहेबांची व्हीसी आणि काउंटरवरचे बाबा

जून महिना म्हणजे आमच्या शाखेत पीककर्जाचं नवं-जुनं करायची गर्दी. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सकाळी दहालाच रांग पायरीच्या खाली गेलेली, पावसाचा पत्ता नाही आणि पंखा नुसती गरम हवा फिरवायलेला. त्या सोमवारी साहेबांची वरच्या ऑफिससोबत वसुलीवरून व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग होती, बाहेर आले तेच तोंड पाडून. आधी फील्ड ऑफिसरला झापलं, मग मला, कुठल्यातरी मागच्या आठवड्यातल्या व्हाउचरवरून. मी गप बसलो. आणि पाच मिनिटांनी काउंटरवर आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांवर खेकसलो, "किती डाव सांगायचं, केवायसी करून या म्हणून!"

बाबा म्हणाले, "आवो साहेब, केवायसी झालीय माझी, सही कुठं करायची तेवढंच इचारायलोय."

वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. नंतर नोटा मोजायला घेतल्या, मशीन नेमकं बंद, पाचशेचं बंडल हातानं तीनदा मोजलं तर एकदा 99, एकदा 100, परत 99. आयुष्य कॅशवर गेलेल्या माणसाची ही गत.

यात गंमत अशी की रागाला पत्ता असतो, कुणावर आलाय आणि कशावरून आलाय ते आपल्याला माहीत असतं. मूडला नसतो. राग ओसरतो पण मागं एक कडवटपणा उरतो, कारण विसरून जातं आणि मग समोर जो येईल तो सापडतो. हॉवर्ड वाइस आणि रसेल क्रोपान्झानो या दोन संशोधकांनी 1996 साली मांडलं की कामावरचं वागणं फक्त पगार आणि पोस्टवर ठरत नाही, दिवसभरातल्या बारक्यासारक्या घटना भावना उठवतात आणि चिडणं, मदत करणं असलं वागणं थेट तिथून येतं. राजीनामा द्यायचा का, हे मात्र माणूस जरा विचार करून ठरवतो.

बरं, नुसता मूडच जातो असंही नाही, हात पण चुकतो. इस्रायलमधला एक प्रयोग 2015 साली छापून आला, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या 24 टीम घेतल्या, समोर खरं बाळ नाही, सरावाचं बनावट बाळ. परदेशातला तज्ज्ञ म्हणून एक जण लांबून बोलायचा, काही टीमशी साधं बोलला आणि काहींना सुनावलं की इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा काही खास नाही. शिवी नाही, आरडाओरडा नाही, एवढंच. तरी त्या टीमचं निदान कच्चं पडलं, प्रत्यक्ष उपचार करतानाही त्या मागं पडल्या, आणि माहिती एकमेकांना सांगणं, मदत मागणं हे पण कमी झालं. डोक्यात एकाच वेळी मावतं थोडंच, त्यातली अर्धी जागा "हा मला असं बोललाच कसा" यानं अडवली तर नोटा कशा मोजायच्या?

मूड पसरतो पण. सिगल बार्सेड यांनी 2002 मधल्या अभ्यासात बोनस वाटपाच्या चर्चेत गुपचूप एक नट बसवला होता, त्याचा मूड बाकीच्यांना लागला, तो खुशीत असेल तर गटात भांडणं कमी आणि सहकार्य जास्त.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो 1983 चा नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर यांचा फोनवाला प्रयोग. अमेरिकेत लोकांना फोन करून विचारलं, आयुष्य कसं चाललंय. ऊन पडलेल्या दिवशी लोक जास्त समाधानी, पावसाच्या दिवशी कमी (आपल्याकडं विचारलं असतं तर नेमकं उलटं आलं असतं). पण आधी "तिकडं हवा कशी आहे" एवढं विचारलं की हा फरक गायब! मूड कशानं आहे ते ध्यानात आलं की माणूस तो भलतीकडं लावत नाही. पुढं लाखो लोकांच्या माहितीत हवामानाचा तसा परिणाम नीट सापडला नाही, त्यामुळं ऊन-पावसाचं सोडा, पण कारण ओळखण्याची गोष्ट मला पटते.

कारण आमचे शिपाई मामा तेच करायलेत. आता दर सोमवारी साहेबांच्या केबिनचं दार उघडलं की मामा पाण्याचा जग घेऊन काउंटरमागून जाता जाता हळूच म्हणतात, "व्हीसी झाली बरं का."