कंपायलरच्या अभ्यासात पार्सिंगच आधी का येतं?

सांगली असो की सातारा, इंजिनिअरिंगला कंपायलरचा, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रामचं मशीनच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामचा, विषय आला की सुरुवात ठरलेली असते. आधी टोकन (प्रोग्राममधले सुटे शब्द आणि चिन्हं), मग ग्रामर (भाषेच्या रचनेचे नियम), मग त्या नियमांतून काढायचे फर्स्ट आणि फॉलो हे संच, आणि त्यानंतर एलआर पार्सिंगची, म्हणजे त्या नियमांनी प्रोग्रामची रचना ओळखण्याची, भली मोठी टेबलं. ती भरता भरता सेमिस्टर निम्म्याच्या पुढे जातं. कोड जनरेशन (मशीनचा कोड काढणं) आणि ऑप्टिमायझेशन (तो वेगवान करणं) शेवटच्या युनिटांत उरकलं जातं, आणि बरीच मुलं ते ऑप्शनला टाकतात. ज्या कामासाठी कंपायलर जन्माला आला, तेच काम शिकायचं राहून जातं. हा क्रम असा का पडला, हे कळायला साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

सांगलीच्या विश्रामबागेतलं आजचं वालचंद कॉलेज १९४७ साली सुरू झालं, तेव्हा जगात संगणक मोजके होते आणि प्रोग्राम म्हणजे हाताने मांडलेले मशीनचे आकडे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ए-झिरो नावाची प्रणाली चालवून दाखवली. टेपवर साठवलेली, क्रमांक दिलेली सबरूटिन्स (प्रोग्रामचे तयार तुकडे) उचलून ती एकत्र जोडायची. आजच्या हिशेबाने हे काम लिंकर-लोडरच्या, म्हणजे तयार तुकडे जोडून मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, जवळचं होतं. पण प्रोग्राम तयार करायचं काम प्रोग्रामलाच सांगता येतं, ही गोष्ट तिथे सिद्ध झाली.

खरी उडी फोरट्रान या भाषेची. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने हे काम हाती घेतलं ते पैशाच्या हिशेबावरून. संगणक केंद्रात मशीनवर जेवढा खर्च व्हायचा, निदान तेवढाच प्रोग्रामरांवर व्हायचा. अडचण विश्वासाची होती. हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान कोड यंत्र काढेल, हे त्या काळचे प्रोग्रामर मानायला तयार नव्हते. म्हणून बॅकस यांच्या गटाने सगळा जोर लावला तो निघणाऱ्या कोडच्या दर्जावर. आयबीएम ७०४ या मशीनला इंडेक्स रजिस्टर (यादीतला कितवा घटक घ्यायचा हे धरून ठेवणाऱ्या जागा) फक्त तीन. ॲरेचे सबस्क्रिप्ट, म्हणजे यादीतल्या घटकांचे क्रमांक, त्या तिघांत कसे वाटायचे हे ठरवण्यासाठी हा कंपायलर, प्रोग्रामचा कुठला भाग जास्त वेळा चालेल याचा मनातल्या मनात अंदाज घ्यायचा. १९५७ च्या एप्रिलमध्ये तो ग्राहकांच्या हाती पडला. त्याला १८ मनुष्यवर्षं लागली असं सांगतात.

आणि पार्सिंग? आज ज्याला आपण ग्रामर म्हणतो, ते फोरट्रानला नव्हतंच. गणिती पदावली सोडवायला त्यांनी एक युक्ती केली, ती मला आजही फार देखणी वाटते. पदावलीच्या सुरुवातीला दोन कंस उघडायचे आणि शेवटी दोन बंद करायचे. बेरजेच्या चिन्हाच्या जागी दोन बंद कंस, चिन्ह, दोन उघडे कंस असं लिहायचं. गुणाकाराच्या जागी एक बंद, चिन्ह, एक उघडा. आता अ + ब * क घ्या. त्याचं होतं:

((अ))+((ब)*(क))

कंस मोजून पाहा. ब आणि क एका जोडीत आपोआप आले, म्हणजे गुणाकार आधी. कुठलं टेबल नाही, कुठलं स्टॅकचं शास्त्र नाही. पहिलीवहिली यशस्वी भाषा एवढ्यावर चालली.

१९६० हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) टिफ्रॅक संगणक रीतसर कामाला लागला आणि युरोप-अमेरिकेतल्या समितीने आल्गोल ६० चा अहवाल प्रसिद्ध केला. आल्गोल ही एका कंपनीची भाषा नव्हती. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या मशीनवर ती एकसारखी चालायला हवी होती, म्हणून तिचे नियम कागदावर काटेकोर मांडणं भाग पडलं. बॅकस यांनी १९५९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यासाठी एक लेखनपद्धती मांडली आणि अहवालाचे संपादक पीटर नाऊर यांनी ती सुधारून वापरली. तीच आपली बीएनएफ, म्हणजे बॅकस-नाऊर फॉर्म. पुढे १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी एका पत्रात सुचवलं की हिला पाणिनी-बॅकस म्हणावं, कारण अशी नियमबद्ध मांडणी पाणिनीने संस्कृतसाठी केव्हाच केली होती. सूचना रास्त होती. मात्र बॅकस यांनी पाणिनीवरून ती घेतली असं समजू नये; त्यांनी आपला आधार एमिल पोस्ट या गणितज्ञाचा सांगितला आहे.

नियम लिहून झाले आणि नवा प्रश्न उभा राहिला. हे नियम वाचून पार्सर आपोआप बनवता येईल का? नोम चॉम्स्की यांची १९५६ ची व्याकरणांची वर्गवारी हाताशी होतीच. १९६५ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी एलआर पार्सिंग मांडलं. पद्धत बिनचूक, पण टेबलं इतकी अवाढव्य की तेव्हाच्या मेमरीत मावेनात. १९६९ मध्ये फ्रँक डीरेमर यांनी एलएएलआर काढून ती आटोक्यात आणली, आणि १९७५ पर्यंत बेल लॅब्समधून पार्सर बनवून देणारं स्टीफन जॉन्सन यांचं याक आणि टोकन पाडणारा भाग बनवून देणारं माइक लेस्क व एरिक श्मिट यांचं लेक्स बाहेर पडलं. प्रॅक्टिकलला आपण अजूनही याच वंशातली साधनं चालवतो. बेरीज आणि गुणाकाराचं साधं दोन नियमांचं ग्रामर याकला दिलं की ते चार शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट दाखवतं, म्हणजे पुढचं चिन्ह वाचायचं की वाचलेलं आधी एकत्र करायचं हे न ठरणाऱ्या चार जागा. डावीकडून जोडणी सांगणाऱ्या दोन ओळी वर लिहिल्या, आधी बेरजेची आणि खाली गुणाकाराची, की चारही जातात. फोरट्रानवाल्यांनी कंसांनी केलं ते इथे दोन ओळींत होतं.

गाजलेली पाठ्यपुस्तकं याच सुमाराला लिहिली गेली. आल्फ्रेड आहो आणि जेफ्री उलमन यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ कंपायलर डिझाइन’ १९७७ चं. त्या वेळी पार्सिंग हा नुकताच सुटलेला, ताजा आणि सुबक प्रश्न होता, त्यामुळे पुस्तकांत त्याला ऐसपैस जागा मिळाली. माझ्या मते परीक्षेनेही हातभार लावला. टेबल भरायच्या प्रश्नाला पायरीपायरीने मार्क देता येतात. ‘हा कोड वेगवान कसा कराल’ या प्रश्नाला तसे देता येत नाहीत. प्रश्न तर केव्हाच सुटला, अभ्यासक्रमातली त्याची जागा मात्र तशीच राहिली.

दुसरा प्रवाह, ऑप्टिमायझेशनचा, या सगळ्या काळात अखंड चालू होता. फोरट्रान आलं त्याच वर्षी आयबीएममध्ये रुजू झालेल्या फ्रान्सिस ॲलन यांनी प्रोग्रामचा प्रवाह आलेखासारखा तपासण्याचं शास्त्र उभं केलं. २००६ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्याकडे सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकामुळे धनंजय धामधेरे हे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. पण आयआयटी मुंबईत त्यांनी केलेलं मूळ संशोधन याच प्रवाहातलं आहे: एखादी पदावली काही वाटांवर दोनदा मोजली जात असेल आणि काहींवर एकदाच, तर ती कुठे हलवली म्हणजे दुसरं मोजणं वाचेल? पुढे त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी डेटा फ्लो ॲनालिसिस आणि जीसीसी या कंपायलरच्या अंतरंगावर काम केलं. मराठी मुलांना हा धागा आवर्जून सांगायला हवा, तो फारसा सांगितला जात नाही.

म्हणून कंपायलर शिकणाऱ्याला मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायला सांगतो. सी मध्ये एक ते एन बेरीज करणारं छोटं फंक्शन लिहा. क्लँग या सी कंपायलरला मोठ्या एसचा पर्याय (-S) देऊन असेंब्ली फाइल, म्हणजे मशीनच्या आज्ञांची वाचता येणारी यादी, काढा, एकदा ओ-झिरो (-O0, ऑप्टिमायझेशन बंद) लावून आणि एकदा ओ-टू (-O2, ऑप्टिमायझेशन चालू). पहिलीत लूप जसाच्या तसा दिसेल. दुसरीत लूपच नसतो. त्याच्या जागी एक गुणाकार, एक शिफ्ट आणि थोडी बेरीज-वजाबाकी उरते. शाळेतलं सूत्र कंपायलरने स्वतः शोधून काढलेलं असतं. हे करणारी एलएलव्हीएम, म्हणजे क्लँगच्या मागची यंत्रणा, इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झाली, ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांच्या हातून. तिचा सगळा कोड खुला आहे आणि कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या पीसीवर क्लँग विनासायास चालतो. लूप नेमका कुठल्या पासमध्ये (ऑप्टिमायझेशनच्या टप्प्यात) गेला हेही छापून घेता येतं, आणि तिथून मागे मागे येत पार्सरपर्यंत पोचायला पुरेसा वेळ उरतो.