पडलेल्या उमेदवारालाही हिशोब चुकत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे निवडणूक झाली की हमखास ऐकू येतं : ‘निवडून आलेल्यानं हिशोब द्यायचा, पडलेल्या अपक्षाला कोण विचारतंय?’ हे चूक आहे. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवारानं खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, डिपॉझिट गेलं तरी. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. 1996 साली सीमाप्रश्नासाठी बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते. कायदा त्या सगळ्यांना लागू होता!

खरी पळवाट वेगळीच आहे. कर्नाटकात विधानसभेच्या उमेदवाराला 2022 पासून 40 लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. अपक्षाला ही सोय कुठली?