धर्मश्रद्धेपोटी मुलांवरील उपचार नाकारणे

आपल्या धर्माला औषध, शस्त्रक्रिया किंवा दुसऱ्याचे रक्त चालत नाही, या कारणाने आईवडिलांनी आजारी मुलावर उपचार होऊ न देणे. सज्ञान माणसाने स्वतःसाठी उपचार नाकारणे बहुतेक ठिकाणी मान्य आहे. इथे मात्र श्रद्धा एकाची आणि जीव दुसऱ्याचा असतो.

सगळे नकार सारखे नसतात. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक रुग्णालयात जातात, गोळ्या घेतात, शस्त्रक्रियाही करून घेतात. फक्त दुसऱ्याचे रक्त घेत नाहीत. ‘रक्त वर्ज्य करा’ हे बायबलमधील वचन रक्त चढवण्यालाही लागू पडते, अशी भूमिका पंथाने १९४५ मध्ये घेतली. ख्रिश्चन सायन्सची गोष्ट वेगळी. मेरी बेकर एडी यांनी १८७९ मध्ये स्थापन केलेल्या या चर्चच्या मते आजार हा मुळात मनाचा भ्रम असून प्रार्थना हाच त्यावरचा उतारा होय. अमेरिकेतील ओरेगनमध्ये वसलेला ‘फॉलोअर्स ऑफ क्राइस्ट’ हा छोटा पंथ तेल लावून, डोक्यावर हात ठेवून रोग बरा करू पाहतो.

अशा घरातल्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला, तर काय होते? मूल सारखे पाणी मागते, रात्री लघवीला उठते, अंगावरचे कपडे सैल होतात. पुढे उलट्या सुरू होतात, श्वासाला गोडसर वास येतो, श्वास खोल आणि जलद होतो. मग शुद्ध हरपते. यातल्या जवळपास कोणत्याही टप्प्यावर इन्शुलिन आणि सलाइन मिळाले तर मूल बहुधा वाचते. घरच्यांचे मुलाकडे दुर्लक्ष असते असेही नाही. ते उशाशी बसून प्रार्थना करत असतात. १९७५ ते १९९५ या काळात अमेरिकेत अशा कारणांनी दगावलेल्या १७२ मुलांची माहिती १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासली गेली. त्यांतील १४० मुलांचे आजार असे होते की, उपचारांनी वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती.

इंग्लंडमध्ये १८९९ साली ‘पिक्युलियर पीपल’ पंथातील एका बापाची सदोष मनुष्यवधाची शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने कायम केली. डॉक्टर सोडून बाकी सर्व त्याने बाळासाठी केले होते. अमेरिकेत या विषयावर हमखास उद्धृत होणारा १९४४ चा निकाल तर उपचारांबद्दल नव्हताच. नऊ वर्षांच्या मुलीने रस्त्यावर धार्मिक नियतकालिके वाटण्यावरून तो खटला उभा राहिला होता. पालकांनी स्वतः हुतात्मा व्हावे, मुलांना हुतात्मा करण्याची मोकळीक त्यांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. तरीही तिथल्या केंद्र सरकारने १९७४ नंतर बालसंरक्षणाच्या अनुदानासाठी राज्यांना धार्मिक सवलत, म्हणजे श्रद्धेपोटी उपचार न देणाऱ्या पालकांना कायद्यातून सूट, ठेवणे भाग पाडले. १९८३ मध्ये ती अट गेली, पण कायद्यांतल्या सवलती अनेक राज्यांत तशाच राहिल्या. ओरेगनने आपल्या उरल्यासुरल्या सवलती २०११ मध्ये काढून टाकल्या.

प्रत्यक्षात बरेचसे प्रश्न कोर्टाबाहेरच सुटतात. रक्त नाकारणाऱ्या घरातील मुलाला आधीपासून लोह आणि एरिथ्रोपोएटिन (तांबड्या रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक) देऊन हिमोग्लोबिन वाढवायचे, तपासणीसाठी रक्त कमीत कमी काढायचे, शस्त्रक्रियेत सांडलेले त्याचेच रक्त गाळून परत द्यायचे, असे मार्ग डॉक्टर काढतात. जीव धोक्यात असून वेळ नसेल तर ते सहसा न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. वेळ असेल तर न्यायालय तेवढ्या उपचारापुरता निर्णयाचा अधिकार पालकांकडून काढून घेते; मूल एरवी त्यांचेच राहते.

खरी पंचाईत होते ती जाणत्या मुलाचीही तीच श्रद्धा असते तेव्हा. इंग्लंडमध्ये १९९० साली रक्ताचा कर्करोग झालेल्या पावणेसोळा वर्षांच्या मुलाने आईवडिलांप्रमाणेच रक्त नाकारले. तो हुशार आहे, पण येणारे मरण कसे असेल याची त्याला पुरती कल्पना नाही, असे ठरवून न्यायालयाने रक्त देण्यास परवानगी दिली. सज्ञान झाल्यावर त्याने पुन्हा नकार दिला. तेव्हा कोणी अडवू शकत नव्हते, आणि तो गेला.