बाटलीतले किण्वन (फसफसती वाइन)

तयार वाइन बाटलीत भरून तिथेच दुसऱ्यांदा आंबवण्याची आणि त्यातून सुटणारा वायू वाइनमध्येच कोंडण्याची पद्धत. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात ती नावारूपाला आली. दों पेरिन्यों या मठवासीयाने ती शोधली ही नुसती आख्यायिका. त्याची धडपड उलट फेस टाळण्याची होती. वाइनमध्ये साखर घालून ती फसफसवण्याची इंग्लंडमधली रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्येच नोंदवली होती.

शार्दोने, पिनो न्वार, म्युनिए या द्राक्षांची साधी, आंबटसर वाइन आधी करतात. तिच्यात लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून, पत्र्याचे झाकण ठोकून बाटल्या तळघरात आडव्या रचतात. यीस्ट साखर फस्त करते. कार्बन डायऑक्साइडला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो आणि दाब सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिपटीवर जातो. साखरेचे नेमके माप ठाऊक नव्हते तेव्हा बाटल्या फुटत, एकीबरोबर शेजारच्याही जात. कामगार तोंडाला लोखंडी जाळी बांधून तळघरात उतरत.

मेलेल्या यीस्टचा गाळ वाया जात नाही. त्याच्या सहवासात वाइनला ताज्या पावासारखा वास येतो, म्हणून शँपेनमध्ये ती निदान बारा महिने गाळावर ठेवतात. पण पुढे तो काढायचा कसा? वाइन गाळून घेतली तर वायूही जाणार. घडीच्या शिडीसारख्या उभ्या केलेल्या भोकांच्या फळ्यांत बाटल्या तोंडाकडून खोचतात, रोज थोड्या फिरवतात आणि हळूहळू उलट्या करतात. दीड-दोन महिन्यांत सगळा गाळ झाकणाशी उतरतो. (आता यंत्राचे पिंजरे हेच काम आठवडाभरात उरकतात.) मग बाटलीची मान अतिथंड द्रावणात बुडवली की गाळाचा बर्फाळ खडा होतो. झाकण उघडताच आतल्या दाबाने तो सुसाट बाहेर पडतो. उणीव वाइन आणि थोड्या साखरेने भरून बूच व तारेची जाळी बसवतात.

स्पेनची कावा याच पद्धतीची. महाराष्ट्रात नारायणगावला १९८० च्या दशकात इंडेज या कंपनीने फ्रेंच तंत्रसाहाय्याने अशी वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. पुढे नाशिककडेही ती होऊ लागली. इथले ऊन द्राक्षात साखर झपाट्याने चढवते आणि आंबटपणा घालवते, म्हणून फसफसत्या वाइनची द्राक्षे इतरांच्या आधी खुडावी लागतात.